गळ्यातले मडके आणि हौसेचा पट्टा

मनुस्मृती दहन दिनाच्या आधीच्या रविवारी भंडाऱ्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात मनुस्मृतीचा आठवा अध्याय वाचायला घेतला होता. शिक्षांचा भाग संपला आणि बी.ए.ला असलेल्या एका मुलाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर ऑनलाइन विक्रीचे पान होते. गळ्यात घालायचा चामडी पट्टा, त्याला अडकवलेली साखळी, मनगटाच्या बेड्या, एक आखूड चाबूक. प्रौढ जोडप्यांसाठी, घरपोच, पार्सलवर वस्तूचे नाव नाही. मुलगा म्हणाला, "दादा, आपल्या बुढ्याच्या गळ्यात जबरदस्तीनं जे होतं, ते हे लोक पैसे देऊन घालतेत. आता याले का म्हनाचं?"

काही पोरे हसली. मागून कोणी तरी "बस खाली" म्हणाले. वर्ग चालवणाऱ्या आमच्यापैकी एकालाही तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, हे कबूल केलेले बरे. विषय घाणेरडा आहे म्हणून टाळणे सोपे होते. पण प्रश्न इतिहासाचा होता आणि तो मुलगा थट्टा करत नव्हता. म्हणून वेळ घेऊन, वाचून, आपसात भांडून जे सापडले ते येथे मांडत आहोत.

आधी आपल्या बाजूचा इतिहास, कारण शिक्षेच्या साधनांबद्दल बोलायचा अधिकार ज्यांच्या अंगावर ती चालली त्यांचा पहिला.

मनूच्या आठव्या अध्यायात शूद्राने द्विजाला कठोर बोलल्यास जीभ कापावी असे आहे. त्याचे नाव किंवा जात तुच्छतेने उच्चारली तर दहा अंगुळे लांबीचा तापलेला लोखंडी खिळा तोंडात घालावा. ब्राह्मणाला धर्म शिकवू लागला तर तोंडात आणि कानात उकळते तेल ओतावे. वरच्या वर्णाच्या माणसाबरोबर एकाच आसनावर बसला तर कमरेवर डाग देऊन हाकलावे किंवा कुल्ला कापावा. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतायला सांगितले आहे. त्याच मनूकडे ब्राह्मणाला देहदंडाऐवजी मुंडन पुरते. साधन कोणते हे गुन्ह्यावरून ठरत नाही, जन्मावरून ठरते. आणि त्याच अध्यायात एक श्लोक असा आहे की बायको, मुलगा, दास, चाकर आणि भाऊ चुकले तर दोरीने किंवा बांबूच्या कांबीने मारावे. पुढच्या श्लोकात पाठीवर मारावे, डोक्यावर नको, एवढी दया आहे. बायको आणि दास एका ओळीत बसवले आहेत, हे लक्षात ठेवा. शेवटी त्याचा संबंध येणार आहे.

हे सगळे पोथीतच राहिले, प्रत्यक्षात कोणी केले नाही, असे सांगणारे भेटतात. त्यांनी १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापलेला मुक्ता साळवेचा निबंध वाचावा. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग मुलगी लिहिते की बाजीरावाच्या काळात तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर त्याचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीच्या दांडूने त्याचा चेंडू खेळत. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईचे वर्णन केले: मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा, कमरेला पाऊलखुणा पुसायला झाडू, गळ्यात थुंकायला मडके. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली आपल्या या मध्य प्रांतातील जातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यातल्या महारांवरच्या प्रकरणातही मुंबई इलाख्याचा हवाला देऊन मडक्याचा उल्लेख आहे; तिथे झाडूऐवजी काटेरी फांदी आहे.

त्या मडक्याकडे साधन म्हणून एकदा पाहा. चोराला खोड्यात अडकवत, म्हणजे लाकडाच्या भोकात त्याचे पाय घालत, आणि मुदत संपली की सोडत. फटक्यांची संख्या ठरलेली असे. बेडीला किल्ली असते. मडक्याला मुदत नव्हती, संख्या नव्हती, किल्ली नव्हती. ज्याच्या गळ्यात ते होते त्याने काही केलेलेच नव्हते, त्यामुळे शिक्षा कधी संपणार हा प्रश्नच उद्भवत नव्हता. शिवाय ते मडके स्वतःच आणायचे, स्वतःच गळ्यात अडकवायचे. पहारेकऱ्याची गरजच नाही. जगात शिक्षेची साधने पुष्कळ झाली, पण कैद्यालाच जेलर करणारे साधन ब्राह्मणी व्यवस्थेला सापडले.

आपल्या भाषेत ही सगळी साधने अजून वळवळत आहेत. कामात खोडा घालणे, धिंड काढणे, तोंडाला काळे फासणे, चपलांचा हार घालणे. वाक्प्रचार म्हणून शाळेत शिकवतात. मनुस्मृतीचा आठवा अध्याय आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे, २०१५ ची दुरुस्ती झालेले, कलम ३ शेजारी शेजारी ठेवून वाचा, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. तोंडात अखाद्य वस्तू कोंबणे, चपलांचा हार, नग्न किंवा अर्धनग्न धिंड, बळजबरीने मुंडन, मिशा कापणे, तोंड किंवा अंग रंगवणे. संसदेला ही यादी कल्पनेने सुचलेली नाही. गावोगावच्या शिक्षांचीच ती नोंद आहे, फक्त आता शिक्षा करणारा गुन्हेगार ठरतो.

इंग्रजांनी या कारखान्यात भर घातली ती कागदोपत्री शिस्तीची. १८६४ साली फटक्यांचा कायदा केला. फटक्यांची शिक्षा रद्द व्हायला स्वतंत्र भारतात १९५५ उजाडले. तुरुंगातल्या दंडाबेडीवर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सुनील बात्रा खटल्यात बंधने आणली. हातकडी सरसकट घालू नये, असे १९८० साली प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सांगितले. म्हणजे ज्या बेड्या त्या मुलाच्या मोबाइलवर शौकाची वस्तू म्हणून विकायला होत्या, त्या खऱ्या बेड्या माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का देतात हे मान्य करून घ्यायला प्रजासत्ताकाला तीस वर्षे लागली.

आता दुसरी बाजू. दोन प्रौढ माणसे आपखुशीने बांधणे, हुकूम देणे, शरण जाणे, वेदना देणे-घेणे असा खेळ करतात, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून बीडीएसएम म्हणतात. त्यात गुलामाचा पट्टा, खोडा, चाबूक, बेडी ही सगळी जुनी साधने दिसतात. याची नावे जिथून आली ती दोन माणसे आपल्या कामाची आहेत.

पहिला फ्रान्सचा सरदार मार्की द साद. १७६८ च्या ईस्टरच्या दिवशी रोझ केलर नावाची गरीब विधवा पॅरिसमध्ये भीक मागत होती. सादने घरकाम देतो म्हणून तिला आर्केईच्या घरी नेले, कोंडले, चाबकाने मारले. ती खिडकीतून उतरून पळाली. पुढे पैसे देऊन तक्रार मिटवली गेली, सरदार काही महिने कैदेत राहिला आणि राजाच्या कृपेने सुटला. रोझ केलरने कशालाही होकार दिला नव्हता. तिने काम मागितले होते. आपल्याकडच्या वाड्यांमधून अशा किती जणी खिडकीतून उतरल्या असतील आणि कितींना खिडकीही नसेल. सादच्या नावावरून क्रौर्यातल्या सुखाला 'सॅडिझम' म्हणतात. आमच्या मते ते साधे जमीनदारी अत्याचाराचे प्रकरण आहे, त्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा नंतर चढला.

दुसरा ऑस्ट्रियन साम्राज्यातला लेखक साखर-माझोख, पोलीसप्रमुखाचा मुलगा. त्याने १८६९ साली फॅनी पिस्टोर या बाईशी लेखी करार केला की सहा महिने तो तिचा गुलाम राहील. पुढच्या वर्षी त्यावर कादंबरी लिहिली. क्राफ्ट-एबिंग या डॉक्टराने त्याच्या नावावरून 'मॅसोकिझम' हा शब्द केला. हसू येते, पण बघा: करार आहे, सह्या आहेत, मुदत आहे, आणि गुलाम होणारा माणूस समाजात मालकिणीपेक्षा वरचढ आहे. कंटाळा आला तर कोट चढवून तो घरी जाऊ शकतो. रोझ केलरला कोट नव्हता.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांच्या गटांनी, मग स्त्रियांनी, या खेळाला नियम बांधले. १९८३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये 'सुरक्षित, शहाणपणाने, सहमतीने' ही घोषणा पुढे आली. 'सेफवर्ड' आला, म्हणजे आधी ठरवलेला एक शब्द, जो उच्चारला की समोरच्याने त्या क्षणी हात थांबवायचा. काय करायचे, काय नाही, हे आधी बोलून ठरते आणि खेळ संपल्यावर दोघे पुन्हा बरोबरीचे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची यादी संमतीने चाललेल्या अशा वर्तनाला आजार मानत नाही. उलट इंग्लंडमध्ये १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने अशाच एका प्रकरणातल्या पुरुषांची शिक्षा तीन विरुद्ध दोन मतांनी कायम केली. शरीराला इजा झाली तर होकार चालत नाही म्हणाले. आपल्याकडचा कायदा मध्ये कुठे तरी आहे. मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याजोगी नसलेली इजा अठरा वर्षांवरील माणसाने होकार देऊन सोसली तर तो गुन्हा नाही, असे भारतीय न्याय संहितेचे कलम २५ सांगते. कलम २८ सांगते की भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेला होकार हा होकारच नव्हे.

आम्हाला जे सांगायचे आहे ते या कलम २८ पाशी आहे. होकाराची किंमत नकाराच्या किमतीवरून ठरते. 'नाही' म्हटल्यावर काय गमवावे लागते ते विचारा, मग 'हो'चा अर्थ लागतो. पट्ट्याच्या खेळात, तो प्रामाणिक असेल तर, 'नाही'ची किंमत शून्य असते. मडक्यात 'नाही'ची किंमत डोके होती.

आपल्याही लोकांनी एका शिक्षेच्या साधनाचा असा दुसरा अर्थ लावला होता, हे अभ्यासवर्गात एका वयस्क कार्यकर्त्याने आठवण करून दिली तेव्हा आम्ही चपापलो. पोतराज. कमरेला चिंध्यांचा घागरा, कपाळाला हळदकुंकू, डोक्यावर वाढवलेले केस आणि हातात आसूड. रस्त्यात तो आसूड स्वतःच्याच उघड्या अंगावर ओढतो आणि त्याच्या बायकोच्या परडीत लोक जोंधळे टाकतात. आपल्या झाडीपट्टीपेक्षा पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात हे जास्त. जो आसूड मालकाच्या हातात होता तो शोषिताच्या हातात आला, पण पाठ तीच राहिली. कोणी जबरदस्ती करताना दिसत नाही. तो म्हणतो, मरीआईची सेवा आहे, मी आपखुशीने करतो. पण पोतराज कसा होतो? मूल जगावे म्हणून आईबापाने नवस बोललेला असतो आणि ते मूल वाढून पोतराज होते. केस कापले तर देवी कोपेल आणि गाव धान्य देणार नाही. म्हणजे 'नाही'ची किंमत देवीचा कोप आणि रिकामी परडी. १९३६ च्या जून महिन्यात मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी पोतराज, वाघ्या-मुरळी, जोगतिणी, देवदासी यांची सभा घेतली आणि हे जिणे सोडा म्हणून सांगितले. तुम्ही आपखुशीने करता ना, मग करा, असे ते म्हणाले नाहीत.

वतनाचेही तसेच. महार वतनाला भूषण म्हणणारे आपल्यातही होते, इनाम जमीन आहे, मान आहे म्हणायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायदा दुरुस्तीचे बिल आणले ते याच मानाच्या विरोधात. कामाला तास नाहीत, मोबदला ठरलेला नाही, घरातला कोणीही हजर पाहिजे. वतने प्रत्यक्षात गेली १९५८ च्या कायद्याने. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात, येथे मालगुजाराची वेठ होती, आणि मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली. आज तलावांच्या नावात तेवढी ती उरली आहे. 'लोक राजीखुशीने राबत होते, गावगाडा प्रेमाने चालत होता' असे लिहिणारे विद्वान अजून आहेत. त्यांना एवढेच विचारावे: एखाद्या वर्षी एखाद्या महाराने राबायला नकार दिला, तर त्या वर्षी त्याच्या घरात चूल कशी पेटली?

न्यायालयेही यात फसली आहेत आणि ते आपल्या अगदी शेजारी घडले. लाखांदूरच्या पलीकडे वडसा, म्हणजे देसाईगंज. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. खालच्या कोर्टाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि म्हटले की भीतीने हातपाय गाळून शरण जाणे म्हणजे इच्छा नव्हे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले, कारण अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केला नाही. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. शरण जाणे वेगळे आणि होकार वेगळा, हा मुद्दा त्यांनी मांडला. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला: पोलीस कोठडीतल्या अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने होकार नव्हता असे सांगितले, तर नव्हता असेच धरायचे. बंद दरवाजा, वर्दी, रात्र आणि गरीब मुलगी. तिच्याकडे थांबण्याचा कोणता शब्द होता?

आणि 'नाही' म्हणणाऱ्याचे काय होते, ते मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीने दाखवले. सुरेखाबाई भोतमांगे यांनी जमिनीवरून गावाला दबून राहायचे नाकारले, मारहाणीच्या प्रकरणात साक्ष द्यायचे नाकारायला हवे होते ते नाकारले नाही. २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांना संपवले. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी धरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठालाही त्यात जात दिसली नाही. गावाने मिळून दिलेली शिक्षा होती ती, पण शिक्षेचा जुना अध्याय न वाचलेल्यांना ती सूडाची साधी घटना वाटली. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले.

एवढे सगळे समोर ठेवून त्या मुलाला आमचे उत्तर असे. दोन प्रौढ माणसे दाराआड काय खेळतात यावर पहारा बसवायचा आपला धंदा नाही. लोकांच्या खोलीत डोकावणे हे खाप पंचायतीचे आणि जातपंचायतीचे काम आहे, आणि त्यांची पहिली शिकार आंतरजातीय जोडपी असतात. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आहे. तो आपल्यालाच जास्त लागतो. पण याला कोणी मुक्ती म्हणू लागले तर आम्ही मान हलवणार नाही. गळ्यात पट्टा घालून कोणाच्या आज्याचे मडके उतरत नाही.

आमच्यात येथे मतभेद राहिला, तो लपवत नाही. १९८२ साली अमेरिकन स्त्रीवाद्यांचा या प्रकाराविरुद्ध एक लेखसंग्रह निघाला. त्यात ॲलिस वॉकरची एक कथा आहे. एक काळी शिक्षिका वर्गात गुलाम स्त्रियांच्या आठवणी शिकवते, आणि मग टीव्हीवर एक गोरी बाई काळ्या बाईला आपली गुलाम म्हणून मिरवताना दिसते. सगळा अभ्यासक्रम एका संध्याकाळी पाण्यात. आमच्यापैकी काहींना ही शिक्षिका म्हणजे आपणच वाटलो. दुसऱ्या बाजूला एरियन क्रूझ या अभ्यासिकेने २०१६ च्या आपल्या पुस्तकात म्हटले आहे की काळ्या स्त्रीला स्वतःचे सुख कशात आहे हे ठरवू न देणे हीही एक मालकीच आहे. आमच्यातल्या दोघी ताईंना हे पटले. बाकीच्यांना अजून पटलेले नाही.

एका गोष्टीवर मात्र एकमत झाले. खेळात जातीची शिवी आली, सवर्ण जोडीदाराला दलित जोडीदाराकडून नेहमी खालचीच भूमिका हवी असली, तर तो खेळ आपल्या तरुण-तरुणींनी तिथेच थांबवावा. भूमिका कधी बदलत नसतील तर ती भूमिका नाही. आणि नोकरी, भाडे, परीक्षेचे गुण, लग्नाचे वचन यांपैकी काही समोरच्याच्या हातात असेल, तर कितीही गोड शब्दांत मागितलेला होकार कलम २८ ला तोलून बघावा.

हे सगळे आम्ही पुढच्या वर्गात वाचून दाखवले. मुलाचे समाधान झाले असावे, त्याने मान हलवली. मग पहिल्या दिवशी मान खाली घालून बसलेल्या मुलींपैकी एक उभी राहिली. म्हणाली, "ताई, दादा, थांबायचा शब्द त्या लोकांकडे असतो म्हणता. मग लग्न झालेल्या बाईकडं कोणता शब्द असतो?" भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ चा दुसरा अपवाद तिने वहीत लिहून आणला होता: बायको अठरा वर्षांखालची नसेल, तर नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कार नाही. खाली तिने मनूचा तो दोरी आणि बांबूच्या कांबीचा श्लोक उतरवला होता.

येत्या रविवारी हिंदू कोड बिल घेतले आहे. वर्ग सकाळी दहाला आहे, आणि या वेळी तो तीच मुलगी घेणार आहे.